बोटांची लिपी घडवणारे लुई ब्रेल

१८२९ साली पॅरिसच्या अंधशाळेने एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. शब्द, संगीत आणि चर्चमधील गायन ठिपक्यांच्या साहाय्याने कसे लिहावे, हे त्यात समजावून सांगितले होते. लेखक अवघ्या वीस वर्षांचा, त्याच शाळेत शिकलेला, तेथेच शिकवू लागलेला आणि दोन्ही डोळ्यांनी अंध. विसंगती अशी, की ठिपक्यांच्या लिपीची ओळख करून देणारे हे पुस्तक छापले गेले ते रोमन अक्षरांच्या उठावात. म्हणजे ज्या पद्धतीला पर्याय म्हणून ही लिपी पुढे आली होती, नेमक्या त्याच पद्धतीत. दुसरा मार्गही नव्हता. नवी लिपी वाचू शकणारे अजून मूठभर होते आणि ती ज्यांच्या गळी उतरवायची होती ते अधिकारी डोळस होते. लेखकाचे नाव होते लुई ब्रेल.

पॅरिसच्या पूर्वेला सुमारे चाळीस किलोमीटरवर कूव्रे नावाचे खेडे आहे. तेथे ४ जानेवारी १८०९ रोजी लुईचा जन्म झाला. वडील सिमों-रने ब्रेल जिनगर होते. खोगिरे, लगाम, घोड्यांच्या साजाचे पट्टे ते घरालगतच्या कामशाळेत तयार करीत. आईचे नाव मोनिक. चार भावंडांत लुई धाकटा, वरच्या तिघांहून बराच लहान. तीन वर्षांचा असताना वडिलांचे पाहून तोही चामड्याशी खेळायला बसला आणि चामड्यावर काम करण्याचे एक टोकदार हत्यार निसटून त्याच्या डोळ्यात घुसले. जखम चिघळली. तिचा संसर्ग आटोक्यात आणण्याचे ज्ञान त्या काळी कोणत्याच वैद्याकडे नव्हते. दुखावलेल्या डोळ्यापाठोपाठ दुसरा धडधाकट डोळाही सुजला, आणि पाचव्या वर्षापर्यंत मुलाची दृष्टी पूर्णपणे गेली.

तो काळ फ्रान्समध्ये धामधुमीचा होता. नेपोलियनचा पराभव झाला होता, परकी फौजा गावोगाव मुक्काम ठोकून होत्या आणि कूव्रेच्या घरांनाही त्यांचे शिपाई पोसावे लागत होते. अशा दिवसांत गरीब घरातल्या अंध मुलाच्या नशिबी बहुधा चर्चच्या पायरीवरचे भीक मागणेच येई. ब्रेल दांपत्याने तसे होऊ दिले नाही. वडिलांनी लाकडाच्या फळीवर खिळे ठोकून अक्षरांचे आकार तयार केले आणि त्यांवरून मुलाचे बोट फिरवून त्याला मुळाक्षरे शिकवली. गावचे धर्मगुरू पाल्युई यांनी त्याची शिकवणी घेतली, गावच्या शाळामास्तरांनी त्याला डोळस मुलांच्या वर्गात बसू दिले. ऐकून लक्षात ठेवण्यात तो वर्गात मागे नव्हता. मात्र वाचन आणि लेखन सुरू झाले, की त्याला नुसते बसून राहावे लागे. पुढे धर्मगुरूंच्या खटपटीने आणि गावातील एका सरदाराच्या शिफारशीने पॅरिसच्या राजकीय अंधशाळेचे दार उघडले. १५ फेब्रुवारी १८१९ रोजी दहा वर्षांच्या लुईने तेथे प्रवेश घेतला.

अंध मुलांसाठी असलेली ही जगातील पहिली शाळा. व्हालेंतिन आउई या भाषातज्ज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस ती स्थापन केली. लुई आला तेव्हा शाळा एका जुन्या, दमट इमारतीत भरत असे. राज्यक्रांतीच्या काळात त्याच वास्तूत कैदी डांबले गेले होते. तिच्या ओलसर भिंतींनी कितीएक मुलांची छाती पोखरली, आणि ब्रेल यांच्या पुढच्या आयुष्याचा हिशेब मांडताना ही इमारत विसरून चालत नाही.

आउई यांची पद्धत सरळ होती. ओला जाड कागद मोठ्या टंकांवर दाबायचा, म्हणजे कागदावर रोमन अक्षरांचे उठाव येतात. ते बोटांनी चाचपून वाचायचे. अंधांनाही वाचता येते हे जगाला प्रथम दाखवले ते आउई यांनी, आणि ते श्रेय मोठे आहे. पण अक्षर बोटाला कळावे म्हणून ते बरेच मोठे घ्यावे लागे, त्यामुळे पुस्तके अवाढव्य, वजनदार आणि महाग होत आणि शाळेच्या कपाटात ती थोडीच होती. मुलगा एकेका अक्षराच्या कडा चाचपत, आकार ओळखत पुढे सरके. वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असे. आणखी एक उणीव याहून गंभीर होती. या पद्धतीत अंध माणसाला स्वतः सहजपणे काही लिहिता येत नसे. घरी पत्र पाठवायचे झाले तर कोणा डोळस माणसाला मजकूर सांगायचा, आणि आलेले पत्रही त्याच्याच तोंडून ऐकायचे.

लिहिण्याचा मार्ग दाखवला तो शार्ल बार्बिए या निवृत्त तोफखाना अधिकाऱ्याने. रणांगणावर रात्रीच्या अंधारात सैनिकांना आज्ञा वाचता याव्यात म्हणून त्याने ठिपक्यांची लिपी शोधली, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. त्याचा खरा ओढा मात्र वेगळा होता. ज्यांना रूढ लेखन शिकण्याची सोयच नाही अशा लोकांसाठी सोपी लिपी तयार करण्याचा त्याला ध्यास होता, आणि अशा लोकांत अंधही होते. त्याने फ्रेंच भाषेतील छत्तीस ध्वनी सहा ओळी आणि सहा रकान्यांच्या चौकटीत मांडले. कोणता ध्वनी हे सांगण्यासाठी दोन उभ्या ओळींत ठिपके टोचायचे: एका ओळीतील ठिपक्यांची संख्या चौकटीतील ओळ दाखवी आणि दुसरीतील संख्या रकाना. १८२१ च्या सुमारास ही पद्धत शाळेत आली. तिच्यासोबत खाचा असलेली पाटी आणि टोचणीही आली. अक्षराची रेषा बोटाला जितक्या मुश्किलीने कळते, तितक्याच सहज उठावदार ठिपका कळतो, हे मुलांना पहिल्याच स्पर्शात उमगले.

बारा-तेरा वर्षांच्या लुईला मात्र या पद्धतीतले दोषही उमगले. एका ध्वनीसाठी बारापर्यंत ठिपके लागत. खूण इतकी उंच होई की ती बोटाच्या पेराखाली मावत नसे. बोट वर-खाली हलवून मोजावे लागे. शिवाय ती ध्वनींची लिपी होती. तिच्यात शुद्धलेखन नव्हते, विरामचिन्हे नव्हती, अंक नव्हते, संगीत तर नव्हतेच. फ्रेंचमध्ये उच्चार आणि लेखन यांत केवढी तफावत असते, हे लक्षात घेतले म्हणजे ही उणीव किती मोठी होती ते कळते. ध्वनींवर शिकलेला अंध मुलगा डोळस सुशिक्षितांच्या दृष्टीने कायमचा अर्धशिक्षितच राहिला असता.

पुढची दोन-तीन वर्षे लुई पाटी आणि टोचणी घेऊन बसत असे. दिवसा तास आणि कार्यशाळा, त्यामुळे या कामाला रात्र आणि सुट्टी एवढीच उरे. पंधराव्या वर्षी, म्हणजे १८२४ साली, त्याची मांडणी बहुतांशी तयार झाली होती.

त्याने ठिपके निम्मे केले. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन ठिपके. सहा ठिपक्यांचे हे घर बोटाच्या टोकाखाली एका स्पर्शात मावते, बोट थांबवावे लागत नाही. कोणते ठिपके उठवायचे आणि कोणते नाही, एवढ्यावरून त्रेसष्ट वेगवेगळ्या खुणा होतात. आणि या खुणा त्याने वाटेल तशा वाटल्या नाहीत. पहिल्या दहा अक्षरांना फक्त वरचे चार ठिपके दिले. पुढच्या दहा अक्षरांसाठी त्याच दहा खुणा घेऊन डावीकडचा खालचा ठिपका जोडला, आणि तिसऱ्या गटात खालचे दोन्ही ठिपके. एक गट पाठ झाला की बाकीचे गट जवळजवळ आपोआप येतात. फ्रेंच भाषेला ‘डब्ल्यू’ या अक्षराचे फारसे काम नव्हते, म्हणून ते या रांगेत नव्हते. नंतर आले ते ओळ मोडूनच, आणि इंग्रजी शिकणारे अंध विद्यार्थी आजही ते क्रमाबाहेरचे म्हणूनच पाठ करतात. आरंभी काही खुणांत ठिपक्यांबरोबर आडव्या रेघाही होत्या. रेघा टोचायला अवघड आणि ओळखायला संदिग्ध ठरल्या, म्हणून १८३७ च्या सुधारित आवृत्तीत ब्रेल यांनी त्या काढून टाकल्या. बार्बिए यांचे ऋण त्यांनी पुस्तकात मोकळेपणाने मान्य केले.

लिहिण्याची रीतही ध्यानात घेण्याजोगी आहे. ठिपका कागदाच्या मागच्या बाजूने टोचला की पुढच्या बाजूला उठतो. म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे, प्रत्येक खूण उलटी करून टोचायची आणि कागद पलटून डावीकडून उजवीकडे वाचायची. ज्या प्रकारच्या टोकदार हत्याराने डोळे गेले तसल्याच हत्याराने लिपी दिली, या योगायोगावर चरित्रकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. योगायोगापेक्षा विचार करण्याजोगी गोष्ट निराळी आहे. आउई यांनी डोळ्यांसाठी घडलेली अक्षरे घेतली आणि बोटांनी ती शिकावीत अशी अपेक्षा केली. ब्रेल यांनी बोटाला काय सहज कळते तेथून सुरुवात केली, आणि ते त्यांना कोणाकडून ऐकावे लागले नव्हते.

१८२८ साली ते शाळेत साहाय्यक शिक्षक झाले आणि १८३३ साली पूर्ण शिक्षक. त्यांच्याबरोबर गोतिए आणि कोल्ता हे त्यांचे दोन अंध मित्रही शिक्षक झाले. ब्रेल व्याकरण, भूगोल, इतिहास, अंकगणित, बीजगणित आणि संगीत शिकवीत. नवशिक्यांसाठी त्यांनी अंकगणिताचे छोटे पुस्तकही लिहिले. मृदू बोलणारे, नेमके सांगणारे, हाताखालच्यांवर आवाज न चढवणारे शिक्षक अशी त्यांची ख्याती होती. संगीतात त्यांची गती मोठी होती. पियानो आणि चेलो ते वाजवीतच, शिवाय पॅरिसच्या सें-निकोला-दे-शाँ या चर्चमध्ये १८३४ पासून काही वर्षे ते ऑर्गनवादक होते. मराठी संगीत नाटकातल्या पायपेटीवरून या वाद्याची कल्पना येणार नाही. चर्चच्या ऑर्गनला अनेक पट्ट्या, पायाने दाबायच्या वेगळ्या पट्ट्या आणि भिंतभर नळ्या असतात. दोन्ही हात आणि दोन्ही पाय गुंतलेले असताना स्वरलेखन चाचपून वाचणे शक्य नसते. रचना आधी वाचून मुखोद्गत करावी लागते. म्हणूनच ब्रेल यांनी संगीतलेखन आपल्या लिपीत पहिल्यापासून धरले होते. स्वर आणि त्याचा काळ या दोन्ही गोष्टी एकाच घरात बसतात अशी ती मांडणी आहे, आणि अंध वादक जगभर आजही तीच वापरतात. त्या काळी अंधांना मानाने पोट भरता येईल असे जे थोडे व्यवसाय होते, त्यांत चर्चमधील वादन आणि पियानो सुरात लावणे हे प्रमुख होते. त्यामुळे संगीताची लिपी हा त्यांच्या विद्यार्थ्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता.

१८३७ साली शाळेने फ्रान्सच्या संक्षिप्त इतिहासाचे पुस्तक ठिपक्यांत काढले. त्या लिपीतील ते पहिले पुस्तक. संचालक पिन्ये यांचा या प्रयोगाला पाठिंबा होता, तरी सरकारमान्यता मिळाली नव्हती. वर्गात अधिकृत पद्धत उठावाच्या अक्षरांचीच राहिली. मुले टिपणे घेत, एकमेकांना चिठ्ठ्या लिहीत, कविता उतरवून ठेवीत ती ठिपक्यांत.

विरोध कोठून येत होता, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण विरोधक दुष्ट नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की अंध मुलांना आधीच समाज दूर ठेवतो. त्यांना डोळसांहून निराळी लिपी दिली तर ती दरी रुंदावेल. मुलाने लिहिलेले आई-वडिलांना वाचता येणार नाही, आई-वडिलांनी लिहिलेले मुलाला कळणार नाही. म्हणून अक्षरे सर्वांची एकच असावीत. युक्तिवाद वरकरणी निर्दोष आहे. त्यात गृहीत धरलेली बाब एवढीच, की डोळसांना सोयीचे तेच समान, आणि त्या समानतेची किंमत अंधांनी संथ वाचनाच्या आणि मुक्या लेखणीच्या रूपाने मोजावी. शिक्षकांच्या नोकऱ्यांचीही एक बाजू होती. ठिपक्यांच्या लिपीत अंध शिक्षक डोळस शिक्षकापेक्षा सरस ठरत होता.

ब्रेल यांनी या आक्षेपाला वाद घालून उत्तर दिले नाही. त्यांनी दुसरा शोध लावला. १८३९ साली त्यांनी आणखी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. या वेळी डोळसांना वाचता येतील अशी नेहमीची रोमन अक्षरेच ठिपक्यांनी रेखाटण्याची पद्धत त्यांनी दिली होती. एका उभ्या रेषेत दहा जागा धरायच्या आणि कोणत्या अक्षरासाठी कोणत्या जागी ठिपका टोचायचा याचा तक्ता पाठ करायचा. अंध माणूस आकड्यांच्या आधारे टोचत जाई आणि कागदावर उमटे ते साधे अक्षर. नकाशे आणि भूमितीच्या आकृतीही या रीतीने काढता येत. आता शाळेतला मुलगा कोणाच्या मदतीविना घरी पत्र लिहू शकत होता, आणि खेड्यातील आई ते वाचू किंवा वाचून घेऊ शकत होती. स्वतःच्या अभ्यासासाठी एक लिपी आणि डोळस जगाशी बोलण्यासाठी दुसरी, अशी ही विभागणी होती.

हाताने एकेक ठिपका मोजून टोचणे फार वेळखाऊ होते. शाळेचे माजी विद्यार्थी आणि स्वतः अंध असलेले कारागीर पिएर फूको यांनी ब्रेल यांच्याशी विचारविनिमय करून १८४१ साली त्यासाठी यंत्र तयार केले. पंख्यासारख्या मांडलेल्या दहा दांड्या, प्रत्येक दांडीचा एक ठिपका. दांड्या दाबत गेले की उभ्या रेषेतले ठिपके एकदम उमटत आणि कागद पुढे सरके. डोळसांसाठीचे टंकलेखन यंत्र बाजारात यायला अजून तीसएक वर्षे अवकाश होता. ठिपक्यांनी अक्षर छापणारे संगणकाचे छपाईयंत्र तर दीडशे वर्षांनंतर घरोघरी पोहोचले. दोन अंध माणसांनी ती कल्पना पॅरिसमध्ये केव्हाच राबवली होती, हे तंत्रज्ञानाच्या इतिहासात क्वचितच सांगितले जाते.

दरम्यान १८४० साली शाळेत सत्ताबदल झाला. पिन्ये यांना दूर करून त्यांचे सहकारी द्युफो संचालक झाले. परदेशी अंधशाळांत रूढ असलेली उठावाची सुटसुटीत रोमन अक्षरे त्यांना पसंत होती. ठिपक्यांच्या लिपीला त्यांनी बंदी घातली, जुनी पुस्तके वापरातून काढून टाकली. ब्रेल तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि क्षयाने त्यांना पाच वर्षांपूर्वीच गाठले होते. ते भांडणारे गृहस्थ नव्हते. भांडण मुलांनी केले, तेही न बोलता. ती चोरून लिहीत राहिली. मोठी मुले लहानांना ठिपके शिकवीत राहिली आणि शिक्षा होऊनही लिपी वसतिगृहातून गेली नाही.

उपसंचालक जोझेफ ग्वादे यांनी हे पाहिले. बंदीने लिपी मरत नाही, उलट तिच्यामुळेच मुले अधिक शिकतात, हे त्यांनी संचालकांच्या गळी उतरवले. १८४३ साली शाळा जुन्या इमारतीतून नव्या, प्रशस्त वास्तूत गेली. २२ फेब्रुवारी १८४४ रोजी तिचे औपचारिक उद्घाटन झाले, त्या समारंभात ग्वादे यांनी ब्रेल यांच्या पद्धतीची माहिती दिली आणि मुलांनी जमलेल्या पाहुण्यांपुढे ठिपक्यांतून लिहून-वाचून दाखवले. द्युफो यांनीही मग भूमिका बदलली. स्वतःचे मत चुकले हे ध्यानात आल्यावर ते बदलणारे अधिकारी कोणत्याही काळात थोडेच असतात; तेवढे श्रेय त्यांना द्यायला हवे.

नव्या वास्तूचा उजेड आणि कोरडी हवा ब्रेल यांना उशिरा लाभली. रक्ताच्या गुळण्या, विश्रांतीसाठी कूव्रेला जाणे, थोडे बरे वाटले की परत वर्गावर येणे, असा क्रम चालू होता. १८५० साली त्यांनी शिक्षकपदातून निवृत्ती मागितली. शाळेने त्यांना तेथेच राहू दिले. डिसेंबर १८५१ मध्ये मोठा रक्तस्राव झाला. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, ते मित्रांच्या आणि भावाच्या सान्निध्यात वारले. महिन्यापूर्वीच लुई नेपोलियनने सत्ता बळकावली होती आणि पॅरिसची वृत्तपत्रे त्या गदारोळात होती. एका शाळामास्तराच्या मृत्यूची बातमी त्यांत आली नाही.

मागे एक लहान पेटी राहिली. ती न उघडता जाळावी अशी त्यांची इच्छा होती. मित्रांना राहवले नाही, त्यांनी ती उघडली. आत विद्यार्थ्यांनी आणि परिचितांनी वेळोवेळी उसने घेतलेल्या पैशांच्या चिठ्ठ्या होत्या. त्या चिठ्ठ्या मग जाळण्यात आल्या.

मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १८५४ साली, शाळेने ठिपक्यांच्या लिपीला अधिकृत मान्यता दिली. १८७८ साली पॅरिसमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तिचा पुरस्कार केला. इंग्लंडमध्ये टॉमस आर्मिटेज या दृष्टी गमावलेल्या डॉक्टरने तिचा प्रचार केला. कोणती लिपी चांगली ते अंधांनीच ठरवावे, हा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेत मात्र ठिपक्यांच्या निरनिराळ्या पद्धतींचा झगडा कित्येक वर्षे चालला आणि एकाच भाषेतील पुस्तके वाचण्यासाठी अंधांना दोन-तीन लिप्या शिकाव्या लागल्या. इंग्रजी भाषकांची एकवाक्यता व्हायला १९३२ साल उजाडले.

भारतात ही लिपी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशनरी शाळांबरोबर आली. अमृतसरला १८८७ साली पहिली अंधशाळा निघाली. मुंबईत अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० साली शाळा काढली, तीच आजची दादरची अंधशाळा. पण प्रत्येक प्रांताने, किंबहुना प्रत्येक मिशनने आपापल्या भाषेसाठी ठिपक्यांची वेगळी वाटणी केली होती. एका शाळेची पुस्तके दुसऱ्या शाळेला निरुपयोगी. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने हा प्रश्न युनेस्कोपुढे नेला. या कामाचे सल्लागार सर क्लूथा मॅकेंझी हे न्यूझीलंडचे. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला त्यांची दृष्टी गेली होती आणि दुसऱ्या महायुद्धात डेहराडूनला अंध झालेल्या भारतीय जवानांसाठी त्यांनी काम केले होते. या खटपटीतून १९५१ साली भारती ब्रेल सिद्ध झाली.

तिचे सूत्र असे, की शक्य तेथे समान उच्चाराला समान खूण द्यायची. रोमन ‘एम’ची खूण म्हणजे ‘म’, ‘एल’ची खूण म्हणजे ‘ल’. आणि सर्व भारतीय भाषांना हीच वाटणी. म्हणून बेळगावातील मराठी शाळेतला अंध मुलगा आणि त्याच गल्लीतला कन्नड शाळेतला अंध मुलगा यांच्या बोटांखालचा ‘क’ एकच असतो. बडोद्याचा गुजराती, हैदराबादचा तेलुगू आणि पणजीचा देवनागरी कोकणी ‘क’ही तोच. डोळ्यांना चार ठिकाणी चार वळणांचा दिसणारा वर्ण बोटांना वेगळा लागत नाही. मराठीच्या ‘ळ’लाही स्वतंत्र घर आहे. ‘कि’ लिहिताना वेलांटी ‘क’च्या आधी येत नाही, आधी ‘क’ आणि मग ‘इ’, म्हणजे तोंडातून ध्वनी ज्या क्रमाने निघतात त्या क्रमाने ठिपके येतात. मराठी शिकवणाऱ्या डोळस शिक्षकांना ही गंमत अनेकदा ठाऊक नसते.

ब्रेल यांच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, जून १९५२ मध्ये, फ्रान्सने त्यांचे अवशेष कूव्रेच्या स्मशानातून काढून पॅरिसच्या पाँतेऑनमध्ये, राष्ट्राच्या थोर पुरुषांच्या शेजारी नेऊन ठेवले. हेलन केलर त्या समारंभाला हजर होत्या. गावाने मात्र त्यांचे हात आपल्याकडेच ठेवून घेतले. ते एका कलशात कूव्रेलाच आहेत. २००९ साली, दोनशेव्या जयंतीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांची प्रतिमा असलेले दोन रुपयांचे नाणे काढले, आणि ते कित्येकांच्या हातांतून चेहऱ्याकडे लक्षही न जाता फिरले.

आज अंध वाचकाच्या हाती मोबाइल आणि संगणक आहे. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर मराठीतही चालतात, त्यांतील एनव्हीडीएसारखी काही मोफत आहेत. २०१६ साली सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयातून पुस्तके घरबसल्या उतरवून घेता येतात. मग ठिपक्यांची गरज संपली, असे अधूनमधून म्हटले जाते. म्हणणारे पुन्हा बहुधा डोळसच असतात. नुसते ऐकणाऱ्याला ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक संदर्भावरून ताडावा लागतो; बोटाखाली ऱ्हस्व ‘इ’ आणि दीर्घ ‘ई’ यांची घरे निराळी आहेत. विरामचिन्ह, परिच्छेद, गणिताचे सूत्र, रसायनाचे समीकरण ऐकून उमगत नाही. बार्बिए यांच्या ध्वनिलिपीत जे नव्हते आणि ज्यासाठी पंधरा वर्षांचा लुई रात्री जागला, तेच कानांवर अवलंबून राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून पुन्हा निसटण्याचा धोका आहे. परीक्षेचा पेपर लेखनिकाला सांगून लिहिणाऱ्या मुलाच्या शुद्धलेखनात तो दिसून येतो.

या कारणाने संगणकाला जोडायची ब्रेल पाटी तयार झाली. तिच्यावर घरांची एक ओळ असते, प्रत्येक घरात बारीक पिना असतात. पडद्यावर मजकूर जसा पुढे सरकतो तशा त्या पिना विजेच्या साहाय्याने वर-खाली होतात आणि वाचक ओळीवरून बोट फिरवीत जातो. तोच वाचक ठिपक्यांच्या कळांनी लिहितो आणि समोरच्या डोळस माणसाला ते देवनागरीत दिसते. १८३९ साली ब्रेल यांना दोन लिप्यांमध्ये जो पूल तक्ता पाठ करून बांधावा लागला, तो आता क्षणार्धात बांधला जातो. हा उपकरणसंच अजून महाग आहे आणि भारतातल्या बहुसंख्य अंध विद्यार्थ्यांनी तो हाताळलेला नाही. पडद्यावरच्या अक्षरांचे ठिपक्यांत आणि ठिपक्यांचे अक्षरांत रूपांतर करणारी आज्ञावली मात्र कोणालाही विनामूल्य मिळते. जगातील अनेक भाषांबरोबर मराठीचाही तक्ता तिच्यात आहे, आणि एनव्हीडीएही तीच वापरते. तिचे नाव ‘लिबलुई’.